तेजाबातलं पाणी

आमच्या मराठवाड्यातली जुनीजाणती माणसं ॲसिडला अजूनही ‘तेजाब’ म्हणतात. निजामाच्या राजवटीत सरकारदरबारची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, पण तिचे शब्द काही गेले नाहीत. सराफ बाजारात सोन्याचा कस बघायला लागतं ते तेजाब, बॅटरीवाल्याकडे असतं ते तेजाब आणि मोरी-संडास घासायला दारावरच्या हातगाडीवरून आपण घेतो तेही तेजाबच!

या शब्दाची फोड करून बघा. ‘तेज’ म्हणजे जहाल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. पाच नद्यांच्या पाण्याचा तो पंजाब, त्यातलाच हा आब. म्हणजे तेजाब म्हणजे जहाल पाणी. नाव ठेवणाऱ्यांनी ते पाण्यासारखं पातळ दिसतं म्हणून ठेवलं असणार. पण गंमत अशी, की ॲसिडचा जहालपणा खरोखरच पाण्यामुळे जागा होतो, हे विज्ञानाला फार पुढे कळलं. पाणी भेटेपर्यंत हे तेजाब बरंचसं मुकं असतं.

आता महिलांच्या पुरवणीत हे रसायनशास्त्र कशाला, असं वाटेल. तर त्याला कारण आहे. बचत गटाच्या बैठकीला गेले, की हिशेबाचं काम आटोपल्यावर मी एखादा घरगुती विषय काढते. असाच एकदा ॲसिडचा विषय निघाला. ‘अंगावर उडालं तर पहिल्यांदा काय करायचं?’ असं मी विचारलं आणि खोलीत चक्क दोन तट पडले.

‘पाणी टाकायचं की भडाभडा, त्यात काय इचारायचं?’ एक मावशी म्हणाल्या.

त्यावर बारावी सायन्स झालेली एक सूनबाई लगेच म्हणाली, ‘नाही हो ताई, ॲसिडमध्ये पाणी कधीच टाकायचं नसतं. आम्हाला कॉलेजात शिकवलंय. पाणी पडलं की ते आणखी भडकतं.’

‘आवं, मग हळद लावावी, न्हाईतर टूथपेस्ट!’ कोपऱ्यातून तिसरा सल्ला आला.

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत आणि सूनबाई शिकलेली. त्यामुळे सगळ्यांच्या माना सूनबाईकडे वळल्या. मला मात्र काळजी वाटली. कारण अशा वेळी ‘पाणी टाकू की नको’ या विचारात गेलेलं एक मिनिटसुद्धा एखाद्या मुलीच्या डोळ्याची किंमत ठरू शकतं. माझं शिक्षण आर्ट्सचं. म्हणून ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे जाऊन बसले, पुस्तकं चाळली आणि समजेल तसं समजून घेतलं. ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. पोट जड झालं की आपण इनोची पुडी फोडतो. तिच्यात खाण्याचा सोडा असतो आणि लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड असतं. ॲसिड आणि सोडा यांचं हाडवैर, हे आपल्याला माहीत आहे. तरीही त्या एवढ्याशा पुडीत हे दोघं महिनोन्‌महिने मांडीला मांडी लावून गुपचूप बसलेले असतात. का? कारण पुडी कोरडी असते. तीच पुडी पाण्यात टाकली की क्षणात फसफस सुरू! सोडा तोच, ॲसिड तेच. नवीन आलं ते फक्त पाणी. म्हणून तर पुडीला जरा दमट हवा लागली की तिचा जोर गेलेला असतो. भांडण आधीच होऊन गेलेलं असतं ना!

शाळेच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट आणखी नीट दाखवतात. आपण संडासाला वापरतो ते हायड्रोक्लोरिक ॲसिड मुळात एक वायू आहे. हा वायू पाण्यात विरघळवला की ते बाटलीतलं ॲसिड होतं. कोरडा वायू कोरड्या निळ्या लिटमस कागदावर सोडला, तर कागद निळाच राहतो. कागद ओला करून धरला, की लगेच लाल! म्हणजे पाणी नाही तोवर ॲसिडने आपलं ॲसिडपण दाखवलंच नाही.

हे असं का होतं? या वायूच्या प्रत्येक रेणूत एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन अशी जोडी असते. कोरडेपणी दोघांनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, बाहेरच्या कुणाशी देणंघेणं नाही. पण पाण्याचा रेणू दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्या एका बाजूला थोडा ऋण विद्युतभार असतो आणि ती बाजू हायड्रोजनला आपल्याकडे ओढते. एकटा पाण्याचा रेणू असता तर कदाचित निभावलं असतं, पण तिथे तर चारी बाजूंनी पाण्याचा गराडा. शेवटी हायड्रोजन जोडी सोडतो. निघताना त्याच्याजवळचा एकुलता एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडेच राहतो. अंगावरचं किडूकमिडूकही मागे ठेवून नेसत्या वस्त्रानिशी घर सोडलेल्या बाईसारखी त्याची अवस्था! त्याला पाण्याचा रेणू आसरा देतो. या दोघांच्या मिळून होणाऱ्या कणाला हायड्रोनियम आयन म्हणतात. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण.

पण हा आसरा तात्पुरता. समोर लोखंड आलं, चुना आला, कापड आलं, माणसाची कातडी आली, की पाणी त्याला सोडून देतं आणि तो हायड्रोजन त्या वस्तूवर तुटून पडतो. ॲसिडचं झोंबणं, खाणं, पोखरणं जे आपण म्हणतो, ते मुख्यतः या हायड्रोनियमचं काम. आणि हायड्रोनियम व्हायला पाणी हवंच हवं.

ही गोष्ट जगाला सहज पटली नव्हती बरं का. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस या तरुणाने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात एक प्रबंध सादर केला. पाण्यात विरघळल्यावर क्षारांचे आणि ॲसिडचे रेणू फुटून त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात, हा विचार त्यातून पुढे आला. परीक्षकांना तो काही भावला नाही आणि त्याला वरची श्रेणी मिळाली नाही. त्याच विचारासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं! पुढे १९२३ मध्ये डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी या दोघांनी आपापल्या जागी असं मांडलं, की हायड्रोजन दुसऱ्याला देऊन टाकतं ते ॲसिड. देणारा असला तरी घेणारा कुणी हवा. बाटलीत तो घेणारा असतो पाणी.

आता कुणी विचारेल, लिंबातही ॲसिड, चिंचेतही ॲसिड, मग ती आपण आमटीत घालतो आणि संडासाच्या बाटलीला हात लावायला का घाबरतो? फरक आहे तो जोडी सुटण्याचा. व्हिनेगर पाण्यात मिसळलेलं असतं, पण त्यातल्या ॲसिडच्या शंभर रेणूंमधला एकसुद्धा धड सुटत नाही. बाकीचे हायड्रोजनला धरूनच राहतात. असं ॲसिड ते सौम्य. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक आणि सोन्याच्या कामातलं नायट्रिक ही मात्र तीव्र ॲसिडं. पुरेशा पाण्यात पडली की यांचे जवळपास सगळे रेणू हायड्रोजन सोडून मोकळे होतात. ‘तीव्र’ या शब्दाचा खरा अर्थ हा.

तीव्र आणि दाट या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं! ॲसिडिटी झाली म्हणून आपण कुरकुरतो ते हेच. ॲसिड तीव्र जातीचंच, पण पातळ आणि जठराला आतून बुळबुळीत थराचं संरक्षण. बाटलीतलं त्याच्या कितीतरी पट दाट आणि आपल्या कातडीला तसलं अस्तर नाही.

पाण्याचा आणि आंबटपणाचा हा संबंध आपल्या लातूर-नांदेडच्या शेतकरी बायकांना तरी नवा नाही. हरभऱ्याचं पीक ऐन भरात असतं तेव्हा त्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही ॲसिडं असतात. भल्या पहाटे दव पडलेलं असताना धुतलेलं पांढरं फडकं त्या झाडांवरून फिरवायचं आणि पिळून बाटलीत भरायचं, ही झाली ‘आंब’. पोटदुखीला, अजीर्णाला आजीबाईंच्या बटव्यात ती हमखास असायची. पानांवरचं ॲसिड दवाच्या पाण्यात उतरतं म्हणून तर ते असं गोळा करता येतं. आणि हरभरा उपटायला गेलेल्या बाईला विचारा, ओलेत्या शिवारात हातापायांना कशी चरचर होते ती! बोटं सोलवटतात, पोटऱ्यांना ओलं लुगडं लागलं की झोंबतं. ही तर सौम्य ॲसिडांची कथा. तीव्र ॲसिडाचं काय होत असेल याचा यावरून अंदाज करावा.

कारखान्यातलं एक उदाहरण मला फार नवलाचं वाटलं. जवळजवळ शुद्ध, म्हणजे ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड साध्या पोलादाच्या टँकरमधून रस्त्याने नेतात. पोलादावर सुरुवातीला एक पातळ थर बसतो आणि तोच पुढे आतलं पोलाद सांभाळतो. पण त्याच टँकरमध्ये पाणी शिरलं, ॲसिड पातळ झालं, की ते पोलाद खायला लागतं. दाट ॲसिड गप्प आणि पाणी घातलेलं ॲसिड खादाड, असा हा उलटा न्याय!

म्हणून दाट ॲसिड निरुपद्रवी असं मात्र मुळीच समजू नका. कारण माणसाचं शरीर म्हणजे काही कोरडं पोलाद नव्हे. आपण आतून-बाहेरून ओलेच आहोत. डोळा तर सतत ओला. नाकातोंडाच्या आतली त्वचा ओली. कातडीत ओलावा, वर घाम. ॲसिडला जे पाणी हवं ते आपलं शरीरच पुरवतं. हायड्रोक्लोरिकच्या बाटलीचं झाकण उघडलं की नाकाला झिणझिण्या येतात, डोळे चुरचुरतात, ते यामुळेच. वाफ आपल्या ओलाव्यात विरघळते आणि तिथल्या तिथे ॲसिड तयार होतं. पावसाळी दमट हवेत त्या बाटलीतून जास्त धूर निघताना दिसतो, तोही हवेतल्या पाण्याचाच खेळ.

कातडीवर पडल्यावर काय होतं ते दुधावरून कळेल. तापल्या दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, कारण ॲसिडने दुधातल्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात. आपली कातडी, स्नायू, डोळ्यातलं बुबुळ हीसुद्धा प्रथिनांचीच बनलेली. तीव्र ॲसिडने त्यांचं तसंच होतं. फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही...

सल्फ्युरिक ॲसिडचं दुखणं दुहेरी. ते पाण्याचं इतकं हावरं, की कातडीतलं पाणीच शोषून घेतं. साखरेवर टाकलं तर साखरेतला पाण्याचा अंश काढून घेऊन मागे काळा कोळसा उरतो. आणि पाणी घेताना ते प्रचंड तापतं. म्हणजे वरून ॲसिड आणि आतून चटका.

आता येऊ आमच्या सूनबाईंच्या मुद्द्याकडे. कॉलेजात शिकवतात ते खोटं नाही. दाट सल्फ्युरिक ॲसिडच्या भांड्यात पाणी ओतायचं नसतं. ॲसिड पाण्याच्या सुमारे १.८ पट जड. त्यामुळे वरून ओतलेलं थोडं पाणी वरच राहतं, त्या उष्णतेने तिथेच उकळतं आणि ॲसिडचे थेंब घेऊन तोंडावर उडतं. म्हणून नेहमी पुष्कळ पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडायचं, उलटं कधीच नाही. हा नियम भांड्याचा आहे. तिथे ॲसिड जास्त आणि पाणी कमी असतं.

अंगावर उडालेल्या ॲसिडची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिथे ॲसिड असतं चमचाभर नाहीतर वाटीभर आणि पाणी आपण धो धो ओतणार असतो. ते पाणी ॲसिड पातळ करतं, धुऊन नेतं आणि तयार झालेली उष्णताही सोबत घेऊन जातं. थेंबभर पाणी ॲसिडला जागं करतं, पण घागरीने ओतलेलं पाणी त्याला वाहवून नेतं. मैत्रिणींनो, या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : थोडं पाणी ॲसिडच्या बाजूचं, भरपूर पाणी आपल्या बाजूचं. म्हणजे न शिकलेल्या मावशींचंच बरोबर होतं!

भरपूर म्हणजे किती? पाणी दहापट केलं की ॲसिडची दाटी एक दशांशावर येते, आणखी दहापट केलं की शंभरावा हिस्सा. म्हणून ओल्या फडक्याने पुसणं, चार हबके मारणं याचा उपयोग नाही. वाहतं पाणी कमीत कमी २० मिनिटं पडायला हवं आणि आग थांबली नाही तर त्याहूनही जास्त. मिनिटाला पाच लिटर धरलं तरी २० मिनिटांत १०० लिटर पाणी झालं.

शंभर लिटर! हा आकडा वाचून लातूरकर मैत्रिणींच्या पोटात गोळा आला असेल. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. ते दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. नळाला रोज पाणी नसणं आपल्या अंगवळणी पडलंय. तरीसुद्धा सांगते, अशा वेळी पाण्याचा हिशेब करू नका. नळ नसेल तर ड्रम, हौद, टँकर, जार, जे हाताशी असेल ते मग्याने सतत ओतत राहा. शेजारणीला हाक मारा, तिचाही ड्रम आणा. ‘फिल्टरचं पाणी आणते’ म्हणून थांबू नका. वापरायचं स्वच्छ पाणी पुरेसं आहे.

हे करताना ॲसिड लागलेले कपडे, ओढणी, बांगड्या, गळ्यातलं लगेच काढा. अशा प्रसंगी मंगळसूत्र काढायला कुणी मागेपुढे पाहू नये. साखळीखाली अडकलेलं ॲसिड तिथेच खात राहतं. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्याकडे जाणार नाही अशी मान कलती करून सतत धार सोडा. मदत करणाऱ्या बाईने आपल्या हातांनाही जपावं. चोळू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही नको. चुना किंवा सोडा तर अजिबात नको, कारण ॲसिड आणि सोडा भिडले की पुन्हा उष्णता. धुणं चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा.

लहान मुलाने चुकून ॲसिड प्यायलं तर मात्र उलटी करवू नका. येताना जाळलेलं अन्ननलिकेतून ते परत जाताना पुन्हा जाळतं. शुद्धीत असेल तर चूळ भरायला लावा, तोंड-हनुवटी धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. घरी लिंबू-सोड्याचे प्रयोग नकोत.

ही वेळच येऊ नये म्हणून घरात काय करता येईल? आपल्याकडे बोअरचं पाणी जड. फरशीवर, नळांवर, बादलीवर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते काढायला आपण ॲसिड आणतो. ते क्षार बहुतांशी चुन्याच्या जातीचे, म्हणून ॲसिडने फसफसून निघतात हे खरं. पण आपल्या कित्येक घरांत खाली शहाबादी फरशी असते. तीसुद्धा चुनखडीचाच दगड! डागाबरोबर फरशीही विरघळते, खरबरीत होते आणि पुढच्या वेळी आणखी मळ धरते. कपभर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी नळांवरचे डाग काढायला पुष्कळ झालं. शहाबादीला तेही नको, साबण आणि ब्रश बरा.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ असा पुष्कळ जणींचा समज असतो. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद न्हाणीघरात तो छातीत भरला तर जीवावर बेतू शकतं.

भारनियमनाच्या दिवसांत घरोघर इन्व्हर्टर आले. त्याच्या बॅटरीत पातळ सल्फ्युरिक ॲसिड असतं. त्यात वेळोवेळी फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, डोळ्यांना चष्मा लावून आणि काडी-उदबत्ती लांब ठेवून. चार्जिंग होताना त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. बॅटरी खोलायचं काम मेकॅनिकलाच करू द्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड घेऊ नका. तहानलेल्या लेकराला काय कळणार, आत पाणी आहे की तेजाब?

आतापर्यंत अपघातांबद्दल बोलले. पण ॲसिडचं नाव काढलं आणि मुद्दाम फेकलेल्या ॲसिडबद्दल बोलले नाही, तर माझा लेख अर्धाच राहील. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीत, नांदेड जिल्ह्यातली एक तरुणी पुण्याहून गावाकडे येत होती. बीड जिल्ह्यात येळंब घाटाजवळ तिच्यावर ॲसिड टाकून तिला पेटवण्यात आलं. सोबत असलेल्या तरुणालाच पोलिसांनी अटक केली. ती जखमी पोर कित्येक तास रस्त्याकडेला पडून होती आणि नंतर रुग्णालयात तिने प्राण सोडला. त्याआधी मे २०१३ मध्ये मुंबईला वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायला आलेल्या मुलीवर सल्फ्युरिक ॲसिड फेकलं गेलं होतं. महिनाभर झुंजून तीही गेली. बाटलीतला पदार्थ पन्नास-शंभर रुपयांचा आणि त्याने घेतलेलं आयुष्य केवढं!

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र बघायचं, कशाला हवं ते लिहून घ्यायचं, १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. मोडलं तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. त्याच वर्षी कायद्यात ॲसिड हल्ल्यासाठी वेगळं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहे. गंभीर इजा केली तर किमान १० वर्षं ते जन्मठेप, आणि नुसतं फेकायचा प्रयत्न केला तरी ५ ते ७ वर्षं. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला अशा पीडितेवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत करावे लागतात. ‘आधी पोलिसांत जाऊन या’ असं सांगता येत नाही. नाकारणं हा गुन्हा आहे. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

कागदावर हे सगळं नीट आहे. पण आमच्या गल्लीत अजूनही हातगाडी येते आणि कुणाचंही नावगाव न विचारता लिटरभर ॲसिड हातात देऊन जाते. घेणाऱ्या आपणच असतो. ती गाडी आपण थांबवू शकतो. घेणारं कुणी राहिलं नाही तर ती येणारच नाही. उघड्या विक्रीबद्दल पोलीस ठाण्यात लेखी कळवता येतं. एकटीने जायला संकोच वाटला तर गटाच्या दहा जणींनी सह्या कराव्यात. आमच्या गटाने असा अर्ज लिहायला घेतला आहे.

दुसरी गोष्ट आणखी सोपी. पुढच्या हळदीकुंकवाला, भिशीला, गटाच्या बैठकीला दहा मिनिटं काढा. इनोची पुडी फोडून आधी कोरडी दाखवा, मग पाण्यात टाका. सासवा, सुना, शाळकरी पोरी सगळ्यांना बघू द्या. मग विचारा, ‘अंगावर ॲसिड उडालं तर काय करायचं?’ कुणीही न अडखळता एका सुरात ‘पाणी, भरपूर पाणी, वीस मिनिटं’ म्हटलं पाहिजे. हे उत्तर आपल्या मुलींच्या जिभेवर नाव-गाव-पत्त्यासारखं बसायला हवं. कारण ती वेळ आली तर पुस्तक उघडायला सवड नसते. तेव्हा धावून येते ती जवळची बाई आणि तिच्या हातातला मग्गा.